समुद्रगाईची मयत

क्लोव्हिसने तांदळाचं पोतं व्हेरोनाच्या ओसरीवर ठेवलं, तेव्हा आतून फरशीचे तुकडे आदळल्यासारखा आवाज आला.

"मिस व्ही," तो म्हणाला, "आधी बसून घ्या."

"मी उभीच बरी. काय आणलंस?"

"लिनव्हल."

तिने पोत्याचं तोंड सोडलं. आत सात बरगड्या होत्या. तपकिरी, मनगटाएवढ्या जाड, केळ्यासारख्या वाकलेल्या. सोबत मणक्याचे दोन तुकडे. एक बरगडी तिने उचलायला घेतली, तर हाताला दगडाचं वजन लागलं. तिने ती परत ठेवली, पदराला हात पुसावा तसा झग्याला हात पुसला आणि मग मात्र ती बसली.

लिनव्हल हा तिचा नवरा, क्लोव्हिसचा थोरला भाऊ. तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या पावसात, एका मंगळवारी सकाळी दहा वाजता पेनिकुकच्या खाणीतला कडा खाली आला आणि लिनव्हल त्याच्या आत राहिला.

रँडल गॅप गावात चुनखडी काढायची पद्धत एकच आहे. डोंगराचा वरचा थर कडक, खालचा भुसभुशीत. कोण वर चढून फोडत बसणार? म्हणून खालून टिकावाने कड्याचं पोट कोरायचं. कोरत कोरत माणूस आत शिरतो, डोक्यावर पंधरा फूट दगड लोंबत असतो. पोट पुरेसं रिकामं झालं की कडा बोलायला लागतो, कटकट करतो. तेवढ्यात बाहेर पळायचं. मग कडा आपला आपण पडतो आणि ट्रक भरायला माल तयार. वर नजर ठेवायला बाहेर एक माणूस उभा असतो, त्याला भेग आधी दिसते. त्या मंगळवारी पेनिकुकने त्या माणसाला ट्रक भरायला धाडलं होतं. रस्त्याच्या कंत्राटदाराला घाई होती.

चार वाजेपर्यंत बरोबरच्या कामगारांनी ढीग उपसला. मग तालुक्याहून एक साहेब आला, ढिगाकडे लांबूनच बघितलं आणि म्हणाला, वरचा भाग अजून सैल आहे, काम बंद करा. काम बंद झालं. म्हणजे त्या टोकाचं बंद झालं. दुसऱ्या टोकाला पेनिकुकने बुधवारी सकाळी सातला ट्रक लावले.

आणि पोलीस आले तेव्हा पेनिकुकने तोंड वर करून सांगितलं की लिनव्हल त्या दिवशी कामावर नव्हताच. रोजावरचा माणूस, नाव कुठल्याच वहीत नाही. बरोबरच्या अकरा जणांनी बुटांकडे बघितलं. त्यांना दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं. क्लोव्हिसलाही. एकट्या व्हेरोनाने सांगितलं की मी स्वतः त्याला डबा बांधून दिला, उकडलेली केळी आणि खारा मासा. सार्जंटने ते लिहून घेतलं. केळ्यावरून माणूस मेला असं सिद्ध होत नाही. प्रेत नाही, म्हणजे मरण नाही. मरण नाही, म्हणजे दाखला नाही. कुणी विचारलं तर पेनिकुक हसून म्हणायचा, "अरे तो तिकडे केमन बेटावर बाई घेऊन बसलाय. चांगलं चाललंय त्याचं."

तीन वर्षं व्हेरोना दर महिन्याला चौकीत गेली. तिचं मागणं एकच: तो ढीग उचला.

आता या पावसात ढिगाचा पायथा वाहून गेला आणि या बरगड्या बाहेर आल्या.

"इतक्या जाड?" तिने विचारलं.

"तीन वर्षं चुनखडीत पडल्यावर काय होणार, मिस व्ही. तुम्हाला ठाऊक आहे."

तिला ठाऊक होतं. खाणीवरच्या कुणालाही विचारा, चुनखडी सगळ्याचा दगड करते. तिथे शंख दगडाचे निघतात, शिंपले दगडाचे, पाठीवर पाच पाकळ्या कोरलेले गोळे दगडाचे. खाणीतल्याच बर्चेलचा एक बूट पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात राहिला होता. दोन वर्षांनी मिळाला तेव्हा त्याच्यावर चुन्याचं असं कवच चढलं होतं की आता तो दारूच्या दुकानात दार अडवायला वापरतात. बुटाला दोन वर्षं लागली, तर माणसाला तीन लागतील. गावात यावर कुणी वाद घातला नाही.

व्हेरोनाच्या मनात आलं, लिनव्हलच्या बरगड्या तिने हाताने मोजलेल्या होत्या, तो काडीसारखा होता. पण क्लोव्हिस समोर उभा होता आणि पोतं भरलेलं होतं. तिने ती शंका गिळली. तीन वर्षं रिकाम्या हाताने बसलेली बाई काय करील?

मयत दणक्यात झाली. क्लोव्हिसने स्वतःचा बकरा कापला. सिमेंट त्याने आणलं, पेटी त्याने केली. फणसवजा ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली, सासूच्या शेजारी थडगं बांधलं. नऊ रात्री अंगणात डॉमिनोच्या सोंगट्या टेबलावर आपटत होत्या, मासे तळले जात होते, पांढरी रम फिरत होती, बायका भजनं म्हणत होत्या. नवव्या रात्री खोली फिरवली. मेलेल्याची खोली फिरवावीच लागते, नाहीतर तो येतो, आपली जागा ओळखतो आणि तिथेच राहतो. तीन वर्षं व्हेरोनाने ती खाट हलवली नव्हती, आपल्याच अर्ध्या भागावर निजत होती. त्या रात्री बायकांनी खाट खिडकीखालून दाराकडे नेली, कपाट उलटं लावलं, आरसा झाकला. व्हेरोना त्या खाटेवर मधोमध झोपली आणि पहिल्यांदा सकाळपर्यंत झोपली.

अकरा दिवस टिकलं हे.

शाळेतल्या मास्तरांनी पोत्यातून गळलेला मणक्याचा तुकडा ढिगाजवळ उचलला, फोटो काढला आणि राजधानीत कुणाला तरी पाठवला. गुरुवारी गावात जीप आली. तिच्यातून डॉक्टर मॅकाला नावाची बाई उतरली. चाळिशीची, खाकी पँट, धुळीचे बूट. औषधाची डॉक्टर नव्हे, दगडाची.

ती ओसरीवर बसली, लिंबाचं पाणी प्यायली आणि सरळ बोलली. तिचा हा एक गुण.

"मिस व्हेरोना, ही हाडं माणसाची नाहीत."

"मग कुणाची?"

"समुद्रगाईची. समुद्रात गवत खाणारं जनावर असतं. हा सगळा डोंगर एकेकाळी उथळ समुद्राचा तळ होता. तिथे ती मेली, चिखलात रुतली. तुमच्या थडग्यात तिच्या सात बरगड्या आहेत. असा सांगाडा या बेटावर क्वचित मिळतो."

"किती वर्षांपूर्वी मेली?"

"चार कोटी वर्षं तरी झाली."

"आणि तुम्हाला कधी कळलं?"

"फोटो सोमवारी मिळाला."

"आज गुरुवार," व्हेरोना म्हणाली. "चार कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या गाईसाठी तुम्ही तीन दिवसांत आलात. माझ्या नवऱ्याला तीन वर्षं झाली. तो त्याच ढिगाखाली आहे. त्याला बघायला एक सायकलसुद्धा आली नाही."

डॉक्टरने पेला खाली ठेवला. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. राजधानीत असल्या गोष्टी पोचत नाहीत, तिथे फक्त हाडं पोचतात.

गावाला मात्र चघळायला विषय मिळाला. दारूच्या दुकानात बर्चेलने दार अडवणाऱ्या आपल्या बुटावर पाय ठेवून जाहीर केलं, "नऊ रात्री रडलो रे मी. गाईसाठी."

"तू रमसाठी रडत होतास," दुकानवाली म्हणाली.

"बकरा कापला गाईसाठी. बकऱ्याला काय वाटलं असेल?"

पेनिकुकने तर गाडी मुद्दाम व्हेरोनाच्या दारासमोर उभी केली. काच खाली केली. "मी काय सांगत होतो? तिथे कुणी नाही. केमनला पत्र टाक, बाई. लिही, तुझ्या नावाने गाय पुरली."

व्हेरोना झाडत होती. झाडत राहिली. आत गेल्यावर तिची नजर खाटेवर पडली, दाराकडे नेलेल्या. लिनव्हल तर अजून तिथेच आहे. आणि आपण त्याची जागा मोडून बसलो. तो आला असेल, त्याला खाट सापडली नसेल, तो परत गेला असेल. हे कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. लोक आधीच पोट धरून हसत होते.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरकडे गेली. डॉक्टर शाळेच्या वर्गात उतरली होती.

"तुम्हाला बरगड्या हव्यात?"

"हव्यात. आणि कवटी. ती अजून ढिगात असणार."

"थडगं माझं आहे. माझ्या अंगणात आहे. मी नाही म्हटलं तर तुम्हाला कोर्टात जावं लागेल आणि आमच्या कोर्टात किती वर्षं लागतात ते मला विचारा. मशीन आणा. ढीग उचला. बरगड्या निघाल्या तिथपासून मागच्या भिंतीपर्यंत. माझा माणूस मिळाला की गाय तुमची, अख्खी, शेपटीसकट."

डॉक्टर म्हणाली, "मशीन आणते. भिंतीपर्यंतचं मला वचन देता येणार नाही, पण प्रयत्न करीन."

"प्रयत्न म्हणजे काय ते मला माहीत आहे," व्हेरोना म्हणाली. "पण आणा."

क्लोव्हिस खुश होईल असं तिला वाटलं होतं. तो ओसरीच्या खांबाला धरून उभा राहिला.

"कशाला, मिस व्ही? झालं ना. भजनं झाली, नववी रात्र झाली. देवाला माहीत आहे ती कुणासाठी होती. त्याला निजू द्या."

"तुझा भाऊ दगडाखाली आहे आणि तू म्हणतोस निजू द्या?"

"मशीनचा पंजा कसा असतो तुम्ही पाहिलाय. काय बाहेर येईल त्याचा नेम नाही."

"येऊ दे," ती म्हणाली. "मी त्याचे मळके कपडे वीस वर्षं धुतले. मला किळस नाही येत."

मंगळवारी मशीन आलं. चालवायला बर्चेल, कारण गावात तोच एक परवानावाला. सरकारी कागद होता म्हणून सार्जंट होता. कागदामुळेच पेनिकुकला अडवता आलं नव्हतं, पण तो छत्री घेऊन कडेला उभा होता. क्लोव्हिस आणि बाकीचे कामगार काम टाकून बघायला आले होते. पेनिकुकने कुणाला हटकलं नाही. तोही बघत होता.

डॉक्टर चांगलं काम करत होती, हे व्हेरोनाने मनात मान्य केलं. बर्चेलला ती एकेक पंजा सांगून घ्यायला लावायची, मग स्वतः गुडघ्यावर बसून ब्रशने झाडायची. दोन वाजता कवटी लागली. लांबट, नाकाकडे खाली वाकलेली, दाढा सगळ्या जागेवर. डॉक्टरचा चेहरा असा उजळला की क्षणभर व्हेरोनालाही बरं वाटलं. कवटीला प्लास्टर फासलं, पट्ट्या गुंडाळल्या, फळीवर ठेवली.

मग सार्जंटने कागद घडी केला. "झालं. परवानगी नमुन्यापर्यंत आहे. मशीन बाहेर घ्या."

मागची भिंत अजून बारा-तेरा फूट लांब होती.

"डॉक्टर," व्हेरोना म्हणाली.

डॉक्टरने फोन लावला. आपण ऐकत होतो असं नंतर सगळे सांगत होते. ती विनवत होती, मग भांडत होती, मग नुसती ऐकत होती. फोन ठेवला आणि व्हेरोनाकडे न बघता म्हणाली, "नाही म्हणतात. दुसरं खातं लागतं त्याला. अर्ज करावा लागेल. मी करीन. शप्पथ करीन."

पेनिकुकने छत्री मिटली.

व्हेरोनाने कुणाचा तरी टिकाव उचलला, खड्ड्यात उतरली आणि फळीवरच्या कवटीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. टिकाव खांद्यावर घेतला.

"बर्चेल, मशीन सुरू कर."

"मिस व्हेरोना," सार्जंट म्हणाला, "सरकारी मालमत्ता आहे ती."

"हो ना. म्हणून तर हिच्याजवळ उभी राहिले. माझा नवरा कुणाचीच मालमत्ता नव्हता, त्याच्याजवळ उभं राहून तीन वर्षांत काही झालं नाही. मागच्या भिंतीपर्यंत, बर्चेल. नाहीतर हिचं पीठ करते. मला दगड फोडता येतो."

क्लोव्हिस पुढे आला. "मिस व्ही, हात जोडतो. सोडा."

"तू बाजूला हो."

डॉक्टर कवटीकडे बघत होती, मग बर्चेलकडे. सार्जंटकडे तिने बघितलंच नाही. "चालव," ती म्हणाली. "जबाबदारी माझी."

बर्चेलने तीन वर्षांपूर्वी बुटांकडे बघितलं होतं. या वेळी त्याने कुणाकडेच बघितलं नाही. दांडा ओढला.

साडेतीनच्या सुमाराला पंजाने एक मोठी शिळा उचलली आणि मागे काळं भोक दिसलं. बर्चेलने मशीन बंद केलं. इंजिन गार होतानाचे आवाज येत होते.

कड्याने लिनव्हलला चिरडलं नव्हतं. कोरलेल्या पोटाचं तोंड तेवढं बंद केलं होतं. आत एक पोकळी तशीच राहिली होती, माणूस बसू शकेल एवढी. आणि तिच्या डाव्या अंगाने, पक्क्या दगडातून, एक बोगदा निघाला होता. खांद्याएवढा रुंद. सैल ढिगातून गेलं तर डोक्यावर कोसळेल, म्हणून शहाण्या माणसाने भिंतीतून वळसा घेतला होता. बोगद्याच्या टोकाला तो होता. पोटावर, टिकाव पुढे धरून. हाडं पांढरी, हलकी, साधी. दगड वगैरे काही झालं नव्हतं.

बर्चेल खाली उतरला. त्याने बोगद्याच्या भिंतीवर बोटं फिरवली. खाणीवर प्रत्येकाचा घाव ओळखू येतो, जसं अक्षर ओळखू येतं. "त्याचेच आहेत," तो म्हणाला. "बघा, दोन तिरके, एक सरळ. दुसरं कुणी असं मारत नाही." मग त्याने हाताने लांबी मोजली. बाकीचेही आपोआप मोजायला लागले, कारण आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं.

"नऊ फूट."

"आडवं पडून. अंधारात."

"असल्या दगडात पडून दिवसाला तीन फूट. फार तर."

"मग तीन दिवस."

"बाहेर किती उरलं होतं?"

बर्चेलने टिकाव लावून बघितला. "चार फूट."

कुणी पेनिकुककडे वळून बघितलं, तर तो गाडीकडे चालला होता. सार्जंटने त्याला हाक मारली. तो थांबला नाही. सार्जंटने दुसऱ्यांदा मारली, वेगळ्या आवाजात, तेव्हा थांबला.

व्हेरोना भोकाशी उकिडवी बसली होती. टिकाव तिने केव्हा खाली ठेवला तिलाच कळलं नव्हतं. ती रडत नव्हती. तिच्या डोक्यात मंगळवार, बुधवार, गुरुवार असं चाललं होतं. बुधवारी तिने कपडे धुतले होते. गुरुवारी चर्चच्या बायका आल्या होत्या, त्यांना कोको करून दिला होता.

मागे कुणीतरी धपकन बसलं. क्लोव्हिस होता. चुन्याच्या चिखलात बसला होता, हात मांडीवर उलटे टाकून.

"मी ऐकलं होतं," तो म्हणाला.

"काय ऐकलंस?"

"ठोकणं. काम सुटल्यावर मी या बाजूने जायचो. बुधवारी ऐकलं. ठक ठक, थांबायचं, ठक. गुरुवारी पण."

क्लोव्हिसने ढिगाकडे बोट दाखवलं.

"मला वाटलं त्याचं भूत आहे, मिस व्ही. अपघाती मेलेला तीन दिवस काम करतोच, लहानपणापासून ऐकलंय. मला वाटलं, तो अजून कामच करतोय."

व्हेरोना उठली. सगळ्यांना वाटलं ती त्याला मारणार. टिकाव पायाशीच होता. क्लोव्हिसलाही वाटलं असावं, कारण त्याने मान खाली घातली आणि तशीच ठेवली. ती त्याच्याजवळ गेली, त्याच्या शर्टाची कॉलर धरली आणि त्याला उभं केलं. जड होता, तरी केलं. ओढत सार्जंटपुढे नेलं.

"वही काढा," ती सार्जंटला म्हणाली.

"चौकीत येऊन लिहू, मिस व्हेरोना. तुमची आत्ताची अवस्था..."

"इथे. मरणाची तारीख काय लिहिणार?"

"अपघाताची. मंगळवार, तीन ऑक्टोबर."

"मंगळवारी दगड पडला. मंगळवारी चार वाजता यांनी खोदणं थांबवलं. बुधवारी सातला त्या टोकाला ट्रक लावले. माझा नवरा मंगळवारी मेला नाही. हे नऊ फूट मंगळवारचे नाहीत. तो शुक्रवारी मेला, आणि शुक्रवार लिहायचा. हा साक्षीदार."

सार्जंटने पेनिकुककडे एकदा बघितलं. मग वही काढली. पेनचं टोपण तोंडात धरून लिहायला लागला.

"नाव?"

"तुम्हाला माहीत आहे," क्लोव्हिस म्हणाला.

"सांगायचं असतं."

"क्लोव्हिस बार्नेट."

"आवाज कधी ऐकलास?"

"बुधवारी. साडेपाचला. आणि गुरुवारी, त्याच सुमाराला."

"मग काय केलंस?"

क्लोव्हिसने व्हेरोनाकडे बघितलं. तिने त्याची कॉलर सोडली नव्हती.

"बुधवारी पळालो. गुरुवारी रमची अर्धी बाटली घेऊन आलो. दगडांवर ओतली. म्हटलं, दादा, काम झालं तुझं, आता घरी जा."

"आणि शुक्रवारी?"

"शुक्रवारी शांत होतं. मला वाटलं, रम पोचली."

सार्जंटचं पेन थांबलं. हे कुठल्या रकान्यात बसवायचं, ते त्याला समजेना.

"तेही लिहा," व्हेरोना म्हणाली. "सगळं. आणि मग मला वाचून दाखवा."